मामेबहिणीचं लग्न ख्रिश्चन मुलाशी, तेही दोन्ही पद्धतींनी. आम्ही नातेवाइकांनी तिथं कसं वागायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एक दिवस चर्च, एक दिवस मांडव. घरातली म्हातारी माणसं यायला तयार नाहीत. आणि चर्चमध्ये उठायचं-बसायचं कधी, प्रसाद देतात तो घ्यायचा का, अंगावर काय घालायचं, आहेर काय न्यायचा, यातलं कोणालाच काही ठाऊक नाही. आमच्या घरात हे सगळं 2019 च्या मे महिन्यात होऊन गेलंय. तेव्हा काय झालं ते सांगतो.

प्रसादापासून सुरू करतो, कारण आमच्याकडंही पहिला पेच तोच होता आणि तो सोडवला माझ्या आजीनं.

आम्ही फैजपूरजवळच्या एका गावातले लेवा पाटील, केळीवाले. लग्न माझ्या चुलतबहिणीचं, म्हणजे नानांच्या धाकटीचं. मुलगा भुसावळचा, घर मल्याळी. त्याचे आजोबा कोट्टयमकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आले, वडील मालगाडीवर गार्ड होते आणि मुलगा रेल्वे क्वार्टरमध्येच लहानाचा मोठा झाला. बोलायला आमच्याहून पक्का खान्देशी. फोन उचलला की पहिला शब्द ‘बोल भो’. ते लोक सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या जुन्या सीरियन परंपरेतले कॅथलिक.

लग्नाच्या आधी एका रविवारी काकू, आजी आणि मी भुसावळला चर्च ‘बघायला’ गेलो. (मुलगी द्यायच्या आधी घर बघतात, आमच्या काकूंनी चर्चही बघून घेतलं.) आत प्रार्थना चालू होती. शेवटाकडं सगळे रांगेनं पुढं जायला लागले आणि फादर एकेकाला पांढरी चकती द्यायला लागले. काकू गडबडल्या. मला कोपरानं ढोसून विचारतात, आपण पण जायचं का, नाही गेलो तर वाईट दिसेल. मुलाचे वडील, गार्डसाहेब, शेजारीच होते. ते म्हणाले, "बसा बसा. ज्यांचा बाप्तिस्मा झालाय, जे कॅथलिक आहेत, तेवढेच घेतात. बाकीच्यांना कोणी काही म्हणत नाही."

आता आमची आजी महानुभाव पंथाची, उपदेश घेतलेली, म्हणजे गुरूकडून रीतसर पंथात आलेली. उभ्या जन्मात तिनं दुसऱ्या देवाचा नैवेद्य तोंडात घातलेला नाही. गल्लीत सत्यनारायण असला की प्रसाद हातात घेते, पदराखाली झाकून घरी आणते आणि नातवंडांच्या हातावर ठेवते. तिनं गार्डसाहेबांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे त्याइच्यात बी उपदेश घ्या लागते." विषय तिथंच मिटला. काकूंना जे मी तासभर समजावून समजलं नसतं ते तिनं एका वाक्यात बसवलं. तेव्हा तुमचं उत्तर: घ्यायचा नाही, जागेवर शांत बसायचं, आणि त्यात कोणाचाही अपमान नाही. आणखी एक, वधू-वरांपैकी एकाचा बाप्तिस्मा झालेला नसला तर बऱ्याचदा पूर्ण मिस्सा, म्हणजे ती चकतीवाली प्रार्थना, न ठेवता नुसता विवाहविधीच करतात. आमच्या वेळी तसंच झालं, त्यामुळं लग्नाच्या दिवशी हा प्रश्नच आला नाही.

तारखेचं घोडं मात्र बरेच दिवस अडलं होतं. त्यांच्याकडं ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ असतो, त्यात लग्नं शक्यतो लावत नाहीत. ईस्टर होता एप्रिलच्या 21 तारखेला. नानांचं म्हणणं, आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आधी नको, कारण आखाजीला मुलगी माहेरी झोका खेळणार, तिचा शेवटचा सण. (शेवटचा कसला, लग्न झालेल्या मुलीच तर आखाजीला माहेरी येतात. पण बापाला कोण सांगणार.) आखाजी 7 मेला. म्हणून त्यानंतरचा शनिवार-रविवार धरला. भुसावळचा मे महिना तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायला नको.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाही, तरी दोन ओळी, कारण त्यात लोक फसतात. हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे आणि त्यात दोघंही हिंदू लागतात (बौद्ध, जैन, शीख त्यात धरलेले आहेत). एक जण ख्रिश्चन असेल तर मांडवात कितीही फेरे घातले तरी कागदावर त्या लग्नाला किंमत नाही. चर्चमध्ये लागलेलं लग्न 1872 च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्याखाली येतं, आणि तो दोघांपैकी एक ख्रिश्चन असला तरी चालतो. नाहीतर 1954 चा विशेष विवाह कायदा: विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार. तुमच्या बहिणीनं यातलं काय केलंय ते मामांनी आधी विचारून घ्यावं. मांडवात उभं राहून नव्हे.

फादरनी तर मुला-मुलीला आधीच समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, लग्न एकदाच लागतं. इथं संमती दिली की दुसरीकडं पुन्हा लग्न लावल्यासारखा धार्मिक विधी नको. दुसरी, कॅथलिक बाजूच्या माणसानं कबूल करायचं असतं की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला माझ्याकडून होईल ते करीन. समोरच्यानं काही लिहून द्यायचं नसतं, फक्त असं कबूल केलंय हे त्याला माहीत असलं पाहिजे. आमच्या घरात या दुसऱ्या गोष्टीनं आठ दिवस चूल नीट पेटली नाही. नानांचं म्हणणं, आत्ताच नातवंडांचं ठरवून मोकळे झाले का. बहीण एवढंच म्हणाली, "मला माहितीये, आम्ही बोललोय." पुढं त्यांनी काय केलं ते मी इथं लिहिणार नाही, तो त्या दोघांचा प्रश्न. पण नातेवाईक म्हणून तुम्हाला एक सांगतो: हे तुमच्या कानावर लग्नाच्या जेवणात पहिल्यांदा यायला नको. आमच्याकडं ते वेळेवर आलं, म्हणून जे भांडण व्हायचं ते स्वयंपाकघरात झालं आणि तिथंच संपलं.

पहिल्या गोष्टीचा मार्ग गुरुजींनीच काढला. रविवारी मांडवात हळद, मामांनी मुलीला आणणं, अंतरपाट, मंगलाष्टकं, हार. होम, कन्यादान, सप्तपदी नाही. भाऊबंदांत कुजबुज झाली की लग्न अर्धंच लावलं. गुरुजी म्हणाले, मंगलाष्टकं झाल्यावर तुमच्यातले निम्मे तसेही पंगतीत असतात, सप्तपदी कोण बघतं? याला कोणाकडंच उत्तर नव्हतं.

शुक्रवारी रात्रीचं एक सांगायलाच पाहिजे. त्यांच्या क्वार्टरवरचा कुलर जळला होता, पाहुण्यांनी घर भरलेलं, म्हणून मी आमच्याकडचा कुलर घेऊन गेलो. बायको बरोबर होती. आत खाटेवर एक मरून रंगाची नवी कोरी रेशमी साडी पसरलेली आणि मुलाची मावशी सुईच्या टोकानं तिचा एकेक धागा उचलून ओढून काढत होती. मला वाटलं, साडीत दोष निघाला. मग कळलं, हीच ती मंत्रकोडी, म्हणजे नवरदेवाकडून नवरीला येणारी साडी. तिच्यातलेच सात धागे काढून पिळायचे, त्यात मिन्नू ओवायचा आणि तो नवरदेवानं चर्चमध्ये नवरीच्या गळ्यात बांधायचा. मिन्नू म्हणजे करंगळीच्या नखाएवढं सोन्याचं पान, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस. पुढं तो साखळीत घालतात, पण बांधताना धागाच.

मावशींचा सहावा धागा दोनदा तुटला. माझी बायको घरी पिको-फॉल करते, रोज दहा साड्या हाताखालून जातात. तिला काही राहवेना. "मी बघू का?" म्हणत तिनं चष्मा लावला, पदर दिव्याकडं धरला, जर चुकवली, आणि सहावा आणि सातवा सळसळ काढून दिला, पूर्ण लांबीचा. मावशी मल्याळममध्ये काहीतरी म्हणाल्या आणि तिच्या हातात केळ्याच्या वेफर्सचा डबा दिला. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला केळ्याचे वेफर्स! पण ते नेंद्रन केळ्याचे, खोबरेल तेलात तळलेले. आपल्या श्रीमंती किंवा ग्रँड नैन जातीच्या केळ्याला ती चव येत नाही, हे मी आमच्या गावात मोठ्यानं बोलत नाही.

चर्चचं लग्न शनिवारी दहाला होतं. दहाला म्हणजे दहाला. हे आपल्या लोकांना दहादा सांगा. आपल्याकडं पत्रिकेवर मुहूर्त सकाळचा असतो आणि अक्षता पडतात ऊन डोक्यावर आल्यावर, कारण डीजेपुढं पोरं नाचत असतात. आमच्या दोन गाड्या सावद्याहून निघायलाच साडेनऊ झाले. त्यातली माणसं पोचली तेव्हा मिन्नू बांधून झाला होता. डीजे आम्ही आणलाच नव्हता, नवरीनं आधीच दम दिला होता.

आत आमची साठेक माणसं डाव्या बाजूला बसली. इथं एका माणसाचे उपकार मी विसरणार नाही. गार्डसाहेबांचे मित्र, रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर, तेही मल्याळी, आयुष्य भुसावळात गेलेलं. ते मुद्दाम आमच्या बाजूला, आजीच्या शेजारी येऊन बसले आणि सबंध वेळ हळू आवाजात सांगत राहिले. आता उभं राहायचं. आता बसा, गुडघे टेकू नका, तुमचे दुखतात. आता दोघं बायबलवर हात ठेवून शब्द देतायत. आता ती साडी तिच्या डोक्यावरून देतील. आजी प्रत्येक गोष्ट मागच्या ओळीला सांगायची, मागची ओळ तिच्या मागच्यांना. जरा कुजबुज झाली, पण सगळ्यांना कळत होतं. माझ्या मते अशा लग्नात नातेवाइकानं करायचं मोठं काम हेच आहे, दुसऱ्या बाजूच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि काय चाललंय ते सांगत राहायचं. कपडे, आहेर वगैरे नंतर. कपड्यांचं विचारलंत म्हणून: नेहमीच्या लग्नाचेच घाला, फक्त खांदे झाकलेले बरे. त्यांच्यातल्या बऱ्याच बायकांनी डोक्यावरून पदर किंवा ओढणी घेतली होती. आमच्या आजीला ते सांगावं लागलं नाही.

एक चूक झालीच. मिन्नूची गाठ बसली आणि मागून आमच्या पोरांनी खिशातल्या अक्षता उधळल्या. कोणी दिल्या होत्या कोण जाणे. पिवळे-लाल तांदूळ थेट फादरांच्या झग्यावर. एक क्षण सगळं गप्प. नाना खाली बघायला लागले. फादरनी खांद्यावरचे दोन दाणे झटकले, "अजून आहेत का?" असं मराठीत विचारलं आणि पुढं वाचायला लागले. हसू फुटलं खरं, पण नंतर तिथल्या झाडणाऱ्या बाई चांगल्याच वैतागल्या होत्या आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी माझ्या बायकोनं आणि मी झाडू मागून घेतला.

रविवारचा मांडव आमच्या दारात. जेवणाला दुसरा विचारच नव्हता, वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, तूप, भात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गव्हाच्या जाडसर पिठात ओवा, हळद, मीठ घालून घट्ट गोळे करायचे, ते वाफवायचे, कापायचे आणि तळायचे. पानात बट्टी कुस्करून वर वरण आणि किटलीनं तूप. भाजी मोठ्या कढईत शिजवून लाकडी घोटणीनं घोटायची, भरिताची हिरवी वांगी आणि हिरवी मिरची, दोन माणसांचे दंड भरून येतात.

घोळ झाला तो पानांवरून. आधी एकदा गार्डसाहेब आमच्याकडं साखरपुड्याला आले होते. जेवताना समोरच्या कागदी पत्रावळीकडं बघून नानांना म्हणाले, "पाटील, चारी बाजूंनी केळीच्या बागा आणि जेवण कागदावर?" नानांना ते लागलं. आता केळीवाला शेतकरी पान सहसा तोडत नाही, पानं कमी झाली की घड नीट भरत नाही. पण रविवारी पहाटे नाना स्वतः विळा घेऊन गेले आणि घड कापून झालेल्या खोडांवरची पानं तोडून आणली, चारशे. पुसून, कापून, पंगतीला मांडली. आणि पहिल्याच वाढपात कळलं की आपल्याला केळीच्या पानावर जेवताच येत नाही. आपलं वरण पातळ. सपाट पानावर पडलं की निघालं उताराला, एकाच्या पानातून दुसऱ्याच्या मांडीवर. आमची माणसं दोन्ही हातांनी धरणं बांधायला लागली. आणि समोरच्या ओळीत मुलाची आजी, ते लोक तिला अम्मच्ची म्हणतात, ऐंशीच्या पुढची, खुर्चीवर बसलेली, तिच्यापुढं स्टुलावर पान. तिनं आधी भात घेतला, भाताचं गोल आळं केलं, त्यात बट्टी कुस्करली, मग बोटानं खूण करून वरण बरोबर मधोमध घालून घेतलं. एक थेंब बाहेर नाही. मी तिच्याजवळ बसलो होतो, माझं काम तेच होतं. अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं तिला सांगून झालं होतं, तिच्या नातीकडून भाषांतर करून. जेवताना मात्र तिनं मला शिकवलं. मग मी उठून आमच्या ओळीत ओरडलो, आधी भात घ्या रे, भात! तिथून पुढं पंगत सुरळीत.

नानांची आणि गार्डसाहेबांची गट्टी पण त्याच दिवशी जमली. कुठून? केळीच्या वॅगनवरून. पूर्वी रावेर, निंभोरा, सावदा स्टेशनांवरून दिल्लीकडं केळी रेल्वेनं जायची, आणि गार्डसाहेबांनी त्या गाड्या काढलेल्या. नानांचे वडील बैलगाडीनं घड स्टेशनवर पोचवायचे. गाडी थांबून राहिली की माल वॅगनमध्येच पिकायचा, आणि दोष कोणाचा यावर दोघं पस्तीस वर्षांनी तावातावानं भांडले. त्यानंतर ते एकमेकांना पाहुणे म्हणत नाहीत, व्याही म्हणतात.

आता तुमचे म्हातारे. आमचे आबा, नानांचे मोठे चुलते, चर्चला आले नाहीत. सगळ्यांनी जाऊन सांगितलं. "मी तठी जाऊन काय करू?" एवढंच. नवरीनं स्वतः पाया पडून सांगितलं तरी नाही. मग ती म्हणाली, आबा, रविवारची कढई तुम्ही सांभाळा, वांगं तुमच्याशिवाय कोणाला जमत नाही. ते त्यांनी केलं. रात्री दोनपासून घोटणीजवळ बसून होते, पोरांना शिव्या देत. मांडवात आले नाहीत, अक्षता टाकल्या नाहीत, मुलाला मात्र स्वतःच्या हातानं भाजी वाढली. आजही ते भुसावळच्या घरी जात नाहीत. मला वाईट वाटतं, पण मी त्यांना ओढायला गेलो नाही आणि तुम्हीही जाऊ नका. ओढून आणलेला म्हातारा मांडवात काय बोलून जाईल त्याचा भरवसा नसतो.

आहेराचं सोपं आहे: पाकीट द्या. देवाच्या मूर्ती, देवाचे फोटो कोणत्याच बाजूनं नकोत, घरात एकाच भिंतीवर काय लावायचं याचं भांडण तुम्ही कशाला विकत घेता. मानपानाला आम्ही त्यांच्या पुरुषमंडळींना नेहमीसारखं टॉवेल-टोपी-नारळ दिलं. नारळ बघून कोट्टयमचे लोक गालात हसले, टोप्या मात्र सगळ्यांनी घातल्या आणि संध्याकाळपर्यंत काढल्या नाहीत. कुंकू लावताना आमच्या काकू आधी विचारत होत्या, लावू का? बहुतेक हो म्हणाले, दोन बायका नको म्हणाल्या, त्यांना काकूंनी गजरा दिला.

आणि चपला. आमच्या सगळ्या माणसांनी देवळासारख्या चर्चच्या पायरीवर काढल्या, साठ जोड. त्यांच्यातले बरेच जण बूट घालूनच आत होते, आम्हाला कोणी काढायला सांगितलं नव्हतं. दीड तासानं बाहेर आलो तर ऊन फिरून नेमकं त्या ढिगावर आलेलं. रबरी चपला वाकल्या होत्या, फरशी तव्यासारखी, आणि नवरी-नवरदेवाच्या पहिल्या फोटोत मागं आमची सगळी वरात एका पायावर नाचताना दिसते. मे महिन्यात असेल तर सावली बघून काढा.